रेडिओ बंद केल्यावरचा अर्धा तास

नमस्कार श्रोतेहो.

साखर कारखान्याच्या गट ऑफिसात फळ्यावर सूचना लागते, ऊस नोंदीची मुदत अमुक तारखेपर्यंत. तीच व्हॉट्सॲपवर फिरते, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारली जाते. मुदत संपली की दहाजण दारात उभे, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही!" शेती अधिकारी चिडतो. पण दोन्ही बाजू खऱ्या असतात. सूचना कानावर पडलेली असते, तिच्यावर कुणाशी बोलणं झालेलं नसतं.

कानावर पडणं वेगळं आणि बोलून पक्कं होणं वेगळं. आजचा विषय एवढाच.

अमेरिकेत 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, सहाएकशे मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून विचारलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवतात, असा तेव्हाचा समज. फिरणारी मतं थोडीच निघाली, आणि लोक नाव घेत होते ते शेजाऱ्याचं, घरच्यांचं, कामावरच्या सोबत्याचं. बातमी आधी चार जाणत्यांकडे जाते, त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. म्हणून याला दोन टप्प्यांचा प्रवाह म्हणतात. आपल्याकडे द्राक्षबागेत नवं औषध फवारायचं असेल तर बागायतदार जाहिरात वाचतो, आणि विचारतो शेजारच्या बागवाल्याला.

आता मुख्य गोष्ट, आणि ती आपल्या भागातली आहे.

साल 1956. सातारा जिल्हा तेव्हा उत्तर सातारा, आणि आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा. आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे घेतले, त्यांत उत्तर साताराही होता. दीडशेच्या आसपास गावं. प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचं श्रोतेमंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. कल्पना कॅनडाची, तिथे 1941 पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती.

आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. फेब्रुवारी ते एप्रिल, एकूण वीस. मंडळी जमायची, ऐकायची आणि कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायची. खरं काम तिथून पुढे. ऐकलेलं आपल्या रानात लागू पडतं का, बी कुठून आणायचं, पैसे कुणी घालायचे, यावर बोलणं. चिटणीस प्रश्न लिहून पाठवायचा, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. आपल्या मंडळाचा प्रश्न रेडिओवर आला म्हटल्यावर पुढच्या खेपेला कोण गैरहजर राहील?

(जाता जाता. "शेतकरी बंधूंनो, आपण असे करावे" हा उपदेशाचा सूर आम्हा रेडिओवाल्यांनी कधीच सोडायला हवा होता. बंधू बटण फिरवतो.)

प्रयोग मोजला टाटा समाजविज्ञान संस्थेने, समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. त्यांची शक्कल मला फार आवडते. मंडळाची गावं तर घेतलीच. शिवाय रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं घेतली, आणि रेडिओही नाही अशीही घेतली. सगळीकडे आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती भरघोस वाढली. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे थोडीच. पुन्हा सांगतो: कार्यक्रम तोच, आवाज तोच, तरी वाढ थोडीच. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या बोलण्याने. काही मंडळं तर गावची कामं ठरवायला लागली.

1959 पासून योजना देशभर गेली, मंडळं हजारांत झाली. दीडशे गावांची पत्रं टेबलावर वाचून होतात. हजारोंची कोण वाचणार? माझ्या मते अशी योजना पहिली ढिली पडते ती या परतीच्या वाटेवर.

ऑफिसचं थोडक्यात सांगतो. हॅरॉल्ड लेव्हिट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच माणसं, मध्ये आडोसे, बोलायचं फक्त चिठ्ठ्यांनी. प्रत्येकाच्या कार्डावर पाच चिन्हं, सगळ्यांत सारखं असलेलं एक शोधायचं. सगळ्या चिठ्ठ्या मधल्या एकाकडे गेल्या की काम लवकर आणि चुका कमी. पण कडेचे चौघे कंटाळलेले. गोल करून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत चिठ्ठ्या फिरवल्या की चुका जास्त, माणसं मात्र खूश. पुढे इतरांनी कोडी किचकट केली, तेव्हा मधल्या माणसाचीच कोंडी होऊ लागली. म्हणून ऊसतोडीची पाळी चिटबॉयमार्फत, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसामार्फत, सरळ एका रेषेत कळवा, त्यात चर्चेचं काही नाही. पण गाड्या का तुंबतात हे शोधायचं तर चिटबॉय, मुकादम, वाहनवाला यांना एकमेकांशी बोलू द्या. साहेबांच्या निरोपाला नुसते होकाराचे अंगठे टाकणारा व्हॉट्सॲप ग्रुप तिथे उपयोगाचा नाही.

दूध संस्थेच्या सभेत हे करायचं तर असं करा. वीसच्या वर माणसं असतील तर दोन गट पाडा, नाहीतर तेच तिघं बोलतात. फॅट का कमी लागते, असा एकच प्रश्न घ्या. माहिती दहा मिनिटं, चर्चा त्याच्या दुप्पट. चेअरमनने पहिल्यांदा मत देऊ नये. दिलं की बाकीचे माना डोलावतात. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, प्रोसिडिंगच्या भाषेत नको. "सभासदांनी समाधान व्यक्त केले" हे वाक्य आधीच लिहून ठेवलेलं असेल तर सभा कशाला? पुढच्या सभेची सुरुवात मागच्या प्रश्नांच्या उत्तरांनी करा. उत्तर आलं नसेल तर "अजून आलं नाही, कुणाकडे अडलंय" एवढं तरी सांगा. आणि शाल-नारळ असतील तर ते शेवटी.

नमस्कार.