चिप बसवली, पण नोंद कोणाच्या नावावर आहे?

नमस्कार. मायक्रोचिपविषयी मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा असतो की, कुत्र्याला चिप बसवली म्हणजे तो हरवल्यावर कुठे आहे हे फोनवर दिसेल ना? दिसणार नाही. या चिपमध्ये बॅटरी नसते, उपग्रहाशी तिचा संबंध नसतो, आणि स्वतःहून ती कोणताही संदेश पाठवत नाही. माग काढण्यासाठी गळपट्ट्यावर लावायचे जीपीएस उपकरण वेगळे असते आणि ते वेळोवेळी चार्ज करावे लागते.

मग चिपमध्ये असते तरी काय? साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशा काचेच्या बंद नळीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक इलेक्ट्रॉनिक तुकडा, एवढेच. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या रेडिओ लहरींतूनच वेटोळ्याला क्षणभर पुरेल इतकी ऊर्जा मिळते आणि चिप आपला क्रमांक सांगून पुन्हा गप्प होते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हा क्रमांक १५ अंकी असून तो १३४.२ किलोहर्ट्झ या वारंवारतेवर वाचला जातो. पहिले तीन अंक देशाचा किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचा संकेत असतात. तुमचे नाव, पत्ता, फोन यांपैकी काहीही चिपमध्ये नसते; ते या क्रमांकासमोर चिपांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत वेगळे नोंदवावे लागते, आणि पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून सुरू होतो.

चिप बसवण्याची कृती इतकी साधी आहे की तिच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कुत्र्यामांजरांमध्ये बहुधा दोन खांद्यांच्या मधोमध कातडी चिमटीत धरून, लसीच्या सुईपेक्षा जाड सुईने चिप कातडीखाली सोडतात; त्यासाठी भूल द्यावी लागत नाही. मात्र चिप कधीकधी जागेवरून सरकते आणि खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे उतरते. म्हणून सापडलेल्या प्राण्याच्या पाठीवरून एकदाच स्कॅनर फिरवून ‘चिप नाही’ असे ठरवणे चुकीचे आहे. मान, दोन्ही खांदे, छाती आणि पुढचे पाय यांवरून तो सावकाश, अंगाला जवळजवळ टेकवून फिरवावा लागतो. धातूचा गळपट्टा वाचनात अडथळा आणू शकतो, तेव्हा तो आधी काढलेला बरा. जुन्या काही चिपा १२५ किंवा १२८ किलोहर्ट्झवर चालतात, आणि एकाच वारंवारतेचा स्कॅनर त्यांच्यावरून फिरूनही मुका राहतो.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतील ५३ निवारागृहांमध्ये आलेल्या चिपधारी प्राण्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व भटक्या अवस्थेत आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे २२ टक्के मालकांकडे परतले होते, तर चिप असलेल्यांपैकी ५२ टक्के परतले. मांजरांमधला फरक तर डोळ्यांत भरणारा आहे: जेमतेम २ टक्क्यांच्या तुलनेत ३८ टक्क्यांहून अधिक. अर्थात चिप बसवून घेणारा मालक मुळातच अधिक दक्ष असण्याची शक्यता आहे, त्यामुळे सगळे श्रेय चिपला देता येणार नाही. पण मला या अभ्यासातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चिप वाचता येऊनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांच्याबाबतीत सर्वांत मोठे कारण नोंदीतला फोन क्रमांक चुकीचा किंवा बंद असणे हे होते. कित्येक चिपांची नोंदणीच झालेली नव्हती, तर काहींची नोंद भलत्याच ठिकाणी होती. म्हणजे चिपने आपले काम केले होते. तिच्यामागची नोंदवही मात्र मृत होती.

पशुवैद्याने चिप बसवली म्हणजे नोंदणी आपोआप झाली, असे गृहीत धरू नका. ती कोणी करायची आहे हे तिथेच विचारून घ्या. नोंदीत स्वतःबरोबरच दुसऱ्या घरात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचाही क्रमांक द्या, कारण प्राणी नेमका तुम्ही प्रवासात असतानाच हरवू शकतो.

परदेशी प्रवासाचा विचार असेल तर क्रम सांभाळावा लागतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेबीजची लस चिपच्या आधी टोचलेली असेल तर ती ग्राह्य धरत नाहीत, कारण ती नेमक्या याच प्राण्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. चिप आधी किंवा त्याच दिवशी, मग लस.

आणि गळपट्ट्यावरचा फोन क्रमांकाचा बिल्ला चिप आहे म्हणून काढून ठेवू नका. रस्त्यात तुमचे मांजर उचलून घेणाऱ्या माणसाच्या खिशात स्कॅनर नसतो.

तुमच्या प्राण्याला आधीच चिप असेल, तर पुढच्या लसीच्या वेळी ती स्कॅनरने वाचून घ्या, १५ अंक कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा आणि नोंदणीच्या ठिकाणी तो क्रमांक शोधा. पिल्लू दुसऱ्याकडून आणलेले असेल तर हे आवर्जून करा. मालकी कधीच बदलून घेतली नसल्यामुळे तिथे अजूनही पहिल्या मालकाचे किंवा पैदास करणाऱ्याचेच नाव असू शकते, आणि मग प्राणी सापडल्याचा फोन त्यांच्याकडे जाईल.