लाल धुळीची रेघ

आवाज ऐका जरा. स्लोवर, म्हणजे पाय न दाबता, इंजिनाचा वेग एकदा वर जातो, एकदा खाली येतो, गाडी मधेच कार्ब्युरेटरमधून फट्ट करते. आणि पाय दाबला की एकदम शहाणी. डिचोलीतल्या आमच्या शेडमधली ही जिप्सी, 1298 सीसी, कार्ब्युरेटरवाली, आठ व्हॉल्व्हची. पावसाळ्यात चिखलातून घालायची म्हणून हेडचं पोर्टिंग केलं, म्हणजे हवा आत जायच्या वाटा (पोर्ट) कोरून मोठ्या केल्या, कोणी केलं विचारू नका, मीच केलं, आणि तिथूनच हे सुरू झालं.

लोक इथेच फसतात. जोरात पळताना गाडी मस्त चालते म्हटल्यावर वाटतं कार्ब्युरेटरची स्लो सेटिंग बिघडली, मग स्क्रू पिळत बसायचं. पण स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डात, म्हणजे कार्ब्युरेटरपासून हेडपर्यंतच्या नळात, ओढ प्रचंड, कुठे केसाएवढी फट असली तरी हवा तिथून आत घुसते, आणि ती हवा कार्ब्युरेटरला माहीतच नसते त्यामुळे तेवढं पेट्रोल काही येत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की ओढच संपते, फट आहे तिथेच पण तिचं काही चालत नाही. ही ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला तेव्हा काटा पाऱ्याच्या 12 इंचांवर थरथरत होता, इथे समुद्रसपाटीला धड इंजिन 18 इंचाच्या आसपास दाखवतं.

आमचा मिस्त्री नुसता कान लावून म्हणाला, "पात्रांव, वारें ओडटा हें." म्हणजे मालक, ही हवा ओढतेय. मग त्याने देवाजवळची अगरबत्ती आणली. हसू नका. आधी पेट्रोल कुठे गळत नाही ना ते बघितलं, शेडमधला पंखा बंद केला आणि धूर मॅनिफोल्डच्या कडेकडेने फिरवला. एक, दोन नंबरच्या सिलिंडरला धूर सरळ वर. तीन नंबरला वाकला आणि आत गेला. कार्ब क्लीनरचा फवारा मारूनही कळतं, पण गरम इंजिनावर ते मारायचं म्हणजे आगीला आमंत्रण.

आता हेड आणि मॅनिफोल्डमधलं हे पॅकिंग बघा, कॅमेरा जवळ आणतो. बाकी सगळीकडे दाबून चकचकीत झालंय, आणि इथे, तीन नंबरच्या वरच्या कोपऱ्यात, बाहेरून आतपर्यंत एक लाल रेघ. आपल्याकडची चिऱ्याची, जांभ्या दगडाची धूळ. म्हणजे नुसती हवा नाही, एअर फिल्टरला वळसा घालून माती थेट सिलिंडरमध्ये जात होती. पिस्टन रिंगांचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

याआधी दोन पॅकिंग बदलली होती. दुसऱ्याला तर वर लाल सिलिकॉन थापलं होतं, ते पेट्रोलात फुगून लोंबत होतं, तुकडा सुटला असता तर व्हॉल्व्हखालीच गेला असता. दोष पॅकिंगचा नव्हताच. पोर्ट मोठा करताना भोवतीची सपाट कड बारीक झाली होती, आणि ग्राइंडर बाहेर काढताना बिट घसरला असणार, कारण त्या लाल रेघेच्या बरोबर खाली हेडवर नखाला लागेल असा ओरखडा. अ‍ॅल्युमिनियमच ते.

सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर मॅनिफोल्डची बाजूही दोन आणि तीनच्या मधे 0.15 मिमी वाकलेली निघाली, 0.10 च्या वर चालत नाही. मग काय, हेड परत उतरवलं, ओरखडा आर्गन वेल्डिंगने भरून घेतला, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने हेड वाकतं म्हणून लेथवाल्याकडे फेस मारून, म्हणजे सपाट करून आणला. मॅनिफोल्ड मात्र आम्हीच जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासला, आठाच्या आकारात, सावकाश, मार्किंग ब्लू (उंचवटे दाखवणारा निळा रंग) सगळीकडे सारखा लागेपर्यंत. दोन चहा झाले त्यात. ग्राइंडरवर पॅड लावून घासणारे असतात, त्यांच्या हातात हेड देऊ नका, खड्डे पडतात आणि ती बारीक पूड बेअरिंगपर्यंत पोचते.

बाजारातलं पॅकिंग जुन्या पोर्टच्या मापाचं, त्याची कड आत डोकावत होती. नवीन पोर्टवर ठेवून भोकं कापून घेतली. एका स्टडच्या भोकाचे आटे गेले होते, तिथे हेलीकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग. या मॅनिफोल्डातून कूलंटही फिरतं, म्हणून ते भोक दोनदा तपासलं. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्याने 2.3 केजीएम (किलोग्रॅम-मीटर).

गेजचा काटा 17 वर, आणि हलत नाही. चोर्ला घाट चढून परत आलो, रात्रभर गाडी थंड होऊ दिली, सकाळी परत टॉर्क पाना लावला. तीन नंबरचा नट पाव फेरी बसला. बाकीचे जागचे हलले नाहीत.