रोडग्याला हात लागतात

(दृश्य: पहाट. मारुतीच्या देवळासमोरचं पटांगण. गवऱ्यांची टोपली रिकामी होताहेत.)

चैत्र पौर्णिमा. अमरावती जिल्ह्यातलं कपाशी-तुरीचं एक गाव. आज हनुमान जयंती आणि गावजेवणाला रोडगे आहेत, म्हणजे गवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. नुसतं पोळी-भाजीचं जेवण असतं तर तालुक्याहून केटररची गाडी आली असती, दुपारी ताटं वाजली असती आणि संध्याकाळी मांडव उठला असता. रोडग्यांचं तसं जमत नाही. रोडग्याला हात लागतात, आणि एवढे हात रोजानं आणायचे म्हटले तर वर्गणी पुरायची नाही.

गवऱ्या कालपासून येऊन पडताहेत. घरटी एक टोपलं, हा जुना नेम. पण ट्रॅक्टर आल्यापासून कितीतरी घरांच्या गोठ्यात जनावरच उरलं नाही. त्या घरांनी यंदा पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, भारे आणलेत. पऱ्हाटीची आग भडकते आणि लगेच बसते, रोडग्याच्या ती कामाची नाही. तरी भारे ठेवून घेतलेत, भाजीच्या चुलीखाली जातील. घरून आलेलं परत पाठवायचं नाही, एवढं इथं ठरलेलं आहे.

(दृश्य: आबाजींचे हात. गवरी गवरीला टेकवताना.)

हे आबाजी. वय विचारलं की हसतात, हात मात्र थांबत नाहीत. आधी जमीन झाडून पाण्याचा शिपका द्यायचा. मग गवऱ्या उभ्या रचायच्या, एकीला एक टेकवून, मध्ये हवा खेळेल एवढी फट ठेवून. आडव्या टाकल्या तर वरून जळतात आणि खाली कच्च्या राहतात. पेटवायच्या वाऱ्याच्या बाजूनं. पेटल्या की अर्धा-पाऊण तास कोणी जवळ जायचं नाही. आजूबाजूला पोरं घाई करतात. आबाजी ऐकत नाहीत.

(बाइट: आबाजी) "धूर हाये तोवर रोडगा टाकाचा नाई. मंग तो धुरकट लागते. लाल लाल झालं, का मंग टाकाचा."

(दृश्य: सभामंडप. पंधरा-वीस बाया, मोठ्या पराती.)

पीठ आलंय गावच्या गिरणीतून, जाडसर दळलेलं. प्रत्येक घरानं पायलीभर गहू दिलेला. कोणाचा शेतातला, कोणाचा रेशनचा. एकदा एकत्र दळून आला की कोणाचा कोणता ते कोणालाच सांगता येत नाही.

मीठ, ओवा, तेलाचं मोहन. पाणी जपून, कारण कणीक सैल झाली तर रोडगा विस्तवात फुटतो. छोट्या पुऱ्या लाटायच्या, एकीवर तेलाचा हात फिरवून दुसरी ठेवायची, तिच्यावर तिसरी, चौथी, आणि सगळ्यात बाहेरच्या पुरीनं तो गठ्ठा बंद करून गोळा वळायचा. हे थर पडले तरच रोडगा आतून शिजतो आणि कुस्करताना पापुद्रे सुटतात. लाटणारी वेगळी, तेल लावणारी वेगळी, वळणारी वेगळी. एक हात रिकामा झाला की पुढच्या दोन बाया बसून राहतात आणि मग टोमणे सुरू होतात. कॅमेरा लावल्यावर थोडे कमी झाले, एवढंच.

(दृश्य: कणीक मळणाऱ्या काकू, जवळून.)

कणीक या काकूंच्या हातची. गावातल्या बाया त्यांच्याशिवाय परातीला हात लावत नाहीत. काही वर्षांपूर्वी मात्र त्या इथं नव्हत्या. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला, त्यानंतर त्या घराबाहेर निघायच्या त्या फक्त शेतात जायला. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. बोलावलंही नव्हतं. हळदीकुंकवाला तर बोलवायची रीतच नाही. मग एका चैत्रात शेजारच्या मोठ्या जाऊबाईंनी भली मोठी परात त्यांच्या दारात आणून ठेवली आणि विचारलं, "यवढी कणीक कोन मळन वं?"

(बाइट: काकू) "नुसतं ये म्हनलं असतं तं मी गेलीच नसती. काम सांगतलं म्हून गेली."

काकूंच्या या एका वाक्यासाठी आम्ही हा लघुपट केला, असं म्हटलं तरी चालेल.

(दृश्य: वळलेल्या गोळ्यांच्या रांगा, वरून.)

माणसाला माणूस लागतो हे कळायला संशोधन कशाला, असं आबाजी म्हणतील. तरी ते झालंय. रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये असं मांडलं की आपलेपणा ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती भागायला दोन गोष्टी लागतात. थोड्या का होईना पण त्याच त्या माणसांशी वरचेवर गाठभेट, आणि हे नातं उद्याही राहील असा भरवसा. त्याआधी १९८१ मध्ये मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यासोबत आणखी एक गोष्ट पुढे आणली होती. आपण कोणाच्या तरी लेखी आहोत, आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही जाणीव माणसाच्या मनाला तोलून धरते.

काकू परातीवरून उठल्या तर आज सगळ्यांचं अडेल. हे त्यांना ठाऊक आहे, आणि आता कॅमेऱ्यालाही दिसतंय.

आकडेही सांगून टाकू. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, ३ लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासली गेली. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर ६ माणसांमागे एक जण एकटेपणानं त्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी या एकटेपणाचा संबंध आहे. पक्षाघात, हृदयविकार, मधुमेह, नैराश्य, यांचा धोकाही एकटेपणानं वाढतो.

(दृश्य: विस्तव. आबाजी पहिला रोडगा टाकतात.)

आता विस्तव लाल झालाय. रोडगे पडायला लागले. एका माणसाला आठ-दहा रोडग्यांवरच नजर ठेवता येते, म्हणून विस्तवाच्या दोन्ही बाजूंनी माणसं उकिडवी बसलेली. हातात काठी किंवा लांब चिमटा. सगळ्या बाजू शेकून झाल्या की गरम राखेखाली दडपून ठेवायचे. झालाय की नाही हे आबाजी बोटानं ठोकून, आवाजावरून सांगतात. या आवाजातला फरक आम्हाला शेवटपर्यंत कळला नाही. आठवीतल्या एका पोराला मात्र कळला, आणि दुपारनंतर आबाजींनी त्याला शेजारी बसवून घेतलं.

(दृश्य: दोन तरुण, गोणपाट.)

हा सगळ्यांच्या आवडीचा भाग. भाजलेले रोडगे गोणपाटात घालायचे, दोघांनी दोन टोकं धरायची आणि इकडून तिकडे हेलकावे द्यायचे. घासून घासून राख झडते. डावीकडचा मुलगा चाकणच्या कारखान्यात आहे, दोन दिवसांची सुट्टी काढून आलाय. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर तो रोज असतो. ग्रुपवर सकाळी फुलं येतात, वाढदिवसाला केक येतात, कोणी वारलं तर हात जोडलेले येतात. पण गोणपाटाचं दुसरं टोक धरायला ग्रुपवरून कोणी येत नाही. (हे आमचं मत. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ग्रुप नसता तं मले तारीखच समजली नसती." तेही खरंच.)

(दृश्य: संध्याकाळ. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रांगेनं बसताहेत. खंजिरी.)

जेवणाआधी प्रार्थना. या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, याच जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि तिथून सामुदायिक प्रार्थना गावोगाव गेली. समोर मूर्ती नसते. सगळे ओळीत बसतात. पुढे बसायचा मान कोणा एकाचा नाही, जो आधी येईल तो पुढे.

(दृश्य: गुरुकुंज मोझरी. पुण्यतिथीची गर्दी, सगळे स्तब्ध.)

आश्विनात महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत हजारो माणसं जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. त्या वेळची ही दृश्यं. यांच्यावर निवेदन नको.

(निवेदन थांबतं. फक्त चित्र.)

(दृश्य: पुन्हा गाव. भजन, टाळ्या.)

एकत्र गाण्यानं काय होतं याचा अभ्यास ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रौढांच्या वर्गांची त्यांनी तुलना केली. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती. पण गाणाऱ्यांची गट्टी लवकर जमली होती. भजनाला बसणाऱ्याला याचं नवल वाटायचं नाही. इथं सूर कोणाचा लागतो, कोणाचा नाही. खंजिरीवरच्या काकांचा ठेका तर सरळ पुढे पळतो. बाकीचे त्यांच्यामागे धावतात आणि कुठेतरी गाठतात.

(दृश्य: गावातली गल्ली, दिवे लागण.)

याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचं काम मनोरुग्णालयातून नव्हे, गावातून चालायचं. गावातलीच माणसं शिकून तयार झाली. त्यांनी छोट्या छोट्या बैठका घेतल्या, घरी जाऊन बोलणं केलं, आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी २७ पोचू लागले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त हे छापून आलं. तेव्हा रोडगे खाऊन नैराश्य जातं असं कोणी समजू नये. औषध लागतं तिथं औषधच लागतं, आणि बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो. पण पारावर आज हा दिसला नाही, काऊन दिसला नाही, असं विचारणारं कोणीतरी गावात असावं लागतं. डॉक्टरपर्यंतची वाट तिथून सुरू होते.

(दृश्य: पंगत. पळसाच्या पत्रावळी.)

आणि ही पंगत. रोडगा कुस्करून त्यावर वरण, मध्ये खळगा करून तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलायला चार माणसं. वाढणारे ओणवे होऊन पळताहेत, आग्रह चाललाय, कोणीतरी पत्रावळीवर आडवा हात धरून नको नको म्हणतंय आणि त्याच्या हातावरच वरण पडतंय.

पूर्वी इथं दोन पंगती बसायच्या. पहिली कोणाची आणि दुसरी कोणाची, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. आता एकच बसते. तरी भाजी कोणाच्या हातची, हे बघून घेणारे दोन-चार अजून आहेत. आपलेपणाला कुंपणही असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

(दृश्य: पंगतीच्या टोकाला एक कुटुंब. नवरा, बायको, दोन लहान मुलं.)

हे मेळघाटातून आलेलं सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, घर. पाडव्याला साल धरलं, म्हणजे गावात येऊन पंधरवडाही नीट झाला नाही. त्यांना जेवायला बोलावलं होतं. ते आले, जेवले, पत्रावळी उचलून निघून गेले.

(दृश्य: दुसरा दिवस. पार. वही, चष्मा, सुटे पैसे.)

हिशोब. गहू उरला, तूप कमी पडलं, वर्गणीत थोडी शिल्लक. तरुणांचं म्हणणं, या शिल्लकीतून गॅसची मोठी भट्टी घ्या, पुढच्या वर्षी पुऱ्या करा, दिवसभर राखेत बसायला नको. काहींना ते पटलंही. तोडगा निघाला नाही. पुढच्या बैठकीवर ढकललं.

मग गवऱ्यांचा विषय निघाला. यंदा कमी पडल्या, पुढच्या वर्षी आणखी कमी पडतील. कोणीतरी सालदाराच्या वर्गणीचं विचारलं. गरीब माणूस, त्याच्याकडून घेऊ नका, असं दोघं-तिघं म्हणाले, आणि तसंच लिहायचं ठरत होतं. काकू पाराच्या खाली उभ्या होत्या. बायकांनी पारावर बसायची इथं अजून पद्धत नाही.

(बाइट: काकू) "वर्गणी नका घेऊ, पन काम तं सांगा त्याले. गावात ढोरं आता कोनाच्या हाताखाली हायेत? त्याच्याच ना?"

थोडी कुजबुज झाली. साल संपल्यावर तो राहील की नाही, मालक शेण देईल की नाही, बाहेरच्या माणसाच्या भरवशावर गावजेवण कसं ठेवायचं. मालक तिथंच बसले होते, शेणाला ते नाही म्हणाले नाहीत. आबाजींनी वही पुढे सरकवली. 'गवऱ्या' असं लिहून समोर सालदाराचं नाव चढलं. त्याला अजून कोणी विचारलेलं नव्हतं, म्हणून आठवीतल्या त्या पोराला शेताकडे पिटाळलं.

भाजीचा एक गंज मोजणीत कमी भरला. तो कोणाकडे राहिला यावरून आवाज चढले आणि चाकणच्या मुलाची बस चुकायची वेळ आली.