एकट्याची जवारी पाखरांची

मंडळी, आधी एक विचारतो. या आठवड्यात ज्यांनी घरी जवारीची भाकर खाल्ली त्यांनी हात वर करा. वा, अर्ध्याहून जास्त सभागृह! आता ज्यांच्या शेतात गेल्या खरिपात जवारी होती त्यांनीच हात वर ठेवा. तीन. काका, तुम्ही खाली घेऊ नका, तुमच्याशी मला नंतर बोलायचंच आहे.

नागपुरात भाकर खाणारे आहेत, पेरणारे गेले. लोक म्हणतात जिभेची चव बदलली, सोयाबीनचा पैसा आला. पैसा आला हे खरंच. पण मी म्हणतो, आपली जवारी पाखरांनी खाल्ली. हसा, पण पुढचं ऐका.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या साली सावनेर तालुक्यातल्या आमच्या शेतात मी एक एकर जवारी पेरली. चारही धुऱ्यांपलीकडे सोयाबीन. ऑगस्टात पावसानं दडी मारली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच. जवारीनं पानांची सुरळी केली आणि ती वाढ थांबवून उभी राहिली. सप्टेंबरात पाऊस आला तशी पुन्हा हिरवीगार झाली. शेजारचं सोयाबीन पिवळ्या मोझॅक रोगानं गेलं होतं. माझे शेजारी धुऱ्यावर येऊन कणसं पाहत उभे राहायचे. तेव्हा मला वाटलं, आता वेगळं काही सांगायची गरजच नाही.

मग दाण्यात दूध भरलं आणि पोपट आले. त्यांच्यामागून चिमण्या, सुगरणी. पहाटे साडेपाचला थवा उतरायचा. राखणीला रोजंदारीवर माणूस मिळेना, कारण ते काम आता कोणी करतच नाही. माझी आई बहात्तर वर्षांची. ती डबा वाजवत धुऱ्यानं फिरायची. तिचा आवाज बसला, पाखरं हलली नाहीत. एकरी आठ-दहा क्विंटल धरले होते, घरी आली सत्तर किलो. पुढे एका बैठकीत हे सांगितलं तर साहेब म्हणाले, जाळी लावा. एकरभर जाळीचा खर्च त्या पिकातून कधी निघायचा?

त्या रात्री आई एक वाक्य बोलली, त्यासाठीच मी आज इथं उभा आहे. ती म्हणाली, ‘तुझ्या बाबांच्या वेळेसही पाखरं एवढीच होती रे, पण जेवायला घरं जास्त होती.’

शिवारभर जवारी होती तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार पायल्यांचं नुकसान यायचं. मचाणं एकमेकांच्या हाकेत, इकडची गोफण सुटली की थवा पुढच्या शेतात, तिथून त्याच्या पुढच्या. मग पहिल्यानं जवारी सोडली. त्याच्या वाटचे पोपट शेजाऱ्याकडे गेले. दुसऱ्यानं सोडली. शेवटी जो उरला त्याच्याकडे अख्ख्या गावाची पाखरं जेवायला आली, मग त्यानंही सोडली. कोवळ्या कोंबांना लागणाऱ्या खोडमाशीचं तसंच. सगळ्यांनी पहिल्या पावसावर एकदम पेरलं तर ती विखुरते. मागून एकट्यानं पेरलं तर त्याचे कोंब गेलेच.

आयोजक घड्याळ दाखवताहेत आणि पत्रिकेवरचा विषय, ‘बदलतं हवामान आणि भरडधान्यं’, अजून तसाच आहे. तर भरभर सांगतो.

नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आपला जीव खातो तो पावसाचा खंड. जवारीची मुळं खोल जातात, पानावर मेणाचा थर असतो, आणि उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करायची तिची पद्धत भात-गव्हापेक्षा काटकसरीची आहे. बाजरी, नाचणी, मेळघाटातली कुटकी, सगळ्यांची हीच जात.

मात्र दाणा भरताना झड लागली तर जवारी काळी पडते, भाव पडतो. जुने उंच वाण दिवस लहान झाल्यावर फुलायचे, पाऊस सरल्यावर पिकायचे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला जवारीचा पहिला संकरित वाण आला. त्यानं उत्पन्न वाढवलं, पण तो लवकर पिकतो आणि पावसात सापडतो. परतीचा पाऊस लांबतोय, म्हणून वाण निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: तो पिकतो कधी?

भाव म्हणाल, तर २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव संकरित जवारीला ३,३७१ रुपये क्विंटल, सोयाबीनला ४,८९२ होता. पण जवारीत कडबा धरा. गाई-म्हशी असलेल्या घराला विचारा, तो विकत घ्यायला काय पडतो.

आणि सरकारकडे मागणी एकच: भरडधान्याचं अनुदान एकट्या शेतकऱ्याला देऊ नका, सलग शिवाराला द्या. धुऱ्याला धुरा लागून पन्नास एकर, एका आठवड्यात पेरणी, राखणीची मजुरी त्यातच धरलेली.

आमच्याकडे सात जण तयार झाले आहेत, अठरा एकर होतात. मधोमध एक मचाण, राखणीची पाळी लावून झाली आहे. काका, तुमचं शेत कोणत्या शिवारात?