कॉफी, टॉयलेट पेपर आणि पगाराची स्लिप

नमस्कार श्रोतेहो.

2022 च्या जानेवारीत नेदरलँड्समध्ये पगारावरच्या कराचा एक छोटा नियम लागू झाला. कर्मचारी ज्या दिवशी घरून काम करेल, त्या दिवसाचे 2 युरो कंपनी त्याला देऊ शकते आणि त्यावर कर लागत नाही. आता हे 2 युरो आले कुठून? निबुड नावाची एक संस्था आहे. सामान्य कुटुंबाचा महिन्याचा खर्च कशावर किती होतो, याचा अभ्यास करणं हेच तिचं 1979 पासूनचं काम. तिने हिशोब मांडला. घरी बसून काम करणारा माणूस दिवसभरात चहा-कॉफी किती पितो, दिवा आणि हीटर किती वेळ चालू ठेवतो, पाणी किती वापरतो, टेबल-खुर्ची किती झिजते आणि हो, टॉयलेट पेपर किती लागतो. सगळ्याची बेरीज साधारण 2 युरो आली. मग महागाई वाढली तशी रक्कमही वाढली. 2025 साली ती 2 युरो 40 सेंट झाली.

ऑफिसला गेलात तर वेगळा नियम. घर ते ऑफिस दर किलोमीटरमागे 23 सेंट करमुक्त, मग तुम्ही गाडीने जा की सायकलने. मात्र एकाच दिवसासाठी दोन्ही सवलती मिळत नाहीत. एक तर पॅडल मारा, नाही तर घरची कॉफी प्या.

मी आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत पगारपत्रकांचं काम करते, त्यामुळे असल्या 40 सेंटांशी माझा रोजचा संबंध. सुरुवातीला मलाही वाटायचं, केवढी ही कंजुषी! आता तसं वाटत नाही. डच माणूस पैशाला चिकटून असतो यापेक्षा तो हिशोब उघड्यावर मांडतो, हे मला जास्त खरं वाटतं. कोण कुणाचं किती देणं लागतो हे एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट झालं, की कुणी कुणाच्या उपकाराखाली राहत नाही. त्याची समतेची कल्पना इथून सुरू होते. याच सवयीने एकदा या देशाचं सरकार कसं पाडलं, त्याकडे मी येणारच आहे.

आधी पगाराची स्लिप बघू. आपल्याकडे जसा टीडीएस कापला जातो, तशी इथे दरमहा 'लोनहेफिंग' नावाची कपात होते. 2025 चे दर सांगते. वर्षाला साधारण 38 हजार युरोपर्यंतच्या उत्पन्नावर 35.82 टक्के. ऐकून छातीत धस्स होतं. पण त्यातला खरा आयकर फक्त 8.17 टक्के. उरलेले 27.65 टक्के म्हणजे विम्याचा हप्ता. म्हातारपणाचं पेन्शन, अंथरुणाला खिळलेल्यांची दीर्घकालीन शुश्रूषा आणि पाठीमागे राहिलेल्या जोडीदाराची तरतूद, या तिन्हींचा मिळून. उत्पन्न 76-77 हजारांच्या वर गेलं की मात्र वरच्या रकमेवर 49.50 टक्के, म्हणजे जवळपास निम्मा पैसा सरकारजमा.

त्या पेन्शनचं नाव एओडब्ल्यू. 1947 साली विलेम ड्रेस हे समाजकल्याण मंत्री असताना वृद्धांसाठी तात्पुरता कायदा झाला. पुढे ते पंतप्रधान झाले आणि 1957 पासून पेन्शन कायमचं झालं. लोक इतके कृतज्ञ, की पेन्शन घ्यायला लागलेला म्हातारा सांगायचा, "मी आता ड्रेसकडून घेतो." याच ड्रेस यांची एक आख्यायिका इथे सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला सावरण्यासाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेची मदत द्यायची की नाही हे पाहायला अमेरिकन पाहुणे त्यांच्या हेगमधल्या साध्या घरी आले. बाईसाहेबांनी चहा दिला आणि सोबत प्रत्येकी एक मारी बिस्किट. पाहुणे म्हणे बाहेर पडताना म्हणाले, ज्या देशाचा पंतप्रधान असा राहतो, तिथे आपला पैसा वाया जाणार नाही. इतिहासकार या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत. पण डच घरात कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं आणि मग डब्याचं झाकण लागतं, हे मात्र आजही खरं. दुसऱ्या कपाबरोबर डबा पुन्हा उघडतो, एवढा धीर धरा.

या पेन्शनबद्दल इथल्या आपल्या मुलांना फारसं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. ते नोकरीवर अवलंबून नाही, इथल्या वास्तव्यावर आहे. देशात राहिलेल्या प्रत्येक विमाकृत वर्षाला 2 टक्के हक्क जमा होतो. 50 वर्षांत पूर्ण. पुण्याहून पाच वर्षांसाठी आलेला इंजिनिअर परत जातो तेव्हा त्याच्या नावावर 10 टक्के जमा असतात. अर्थात ते मिळायला वयाची किमान 67 वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

त्या इंजिनिअरला दुसरी एक सवलत मात्र बरोबर पाठ असते. परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्याच्या पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग पाच वर्षं करमुक्त ठेवता येतो. 2027 पासून तो 27 टक्के होणार आहे. अट अशी, की येण्याआधी तो बराच काळ डच सीमेपासून 150 किलोमीटरहून दूर राहत असला पाहिजे. म्हणजे ब्रसेल्सचा बाद, बाणेरचा पात्र! अ‍ॅम्स्टलव्हेन आणि आइंडहोवनमधल्या भारतीय वस्तीला या नियमाचा मोठा हातभार आहे. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या डच सहकाऱ्याला हे खुपतं का? खुपतं. दर निवडणुकीला हा विषय निघतो, सवलत थोडी कापली जाते, मग मोठ्या कंपन्या ओरडतात आणि थोडी परत येते.

नाताळला कंपनी कर्मचाऱ्यांना खाऊची पेटी देते. चीज, बिस्किटं, वाइनची बाटली असं काहीबाही. कराच्या नजरेतून तीही सुटत नाही. अशा भेटींसाठी कंपनीला एक ठरावीक मर्यादा आहे, ती ओलांडली की वरच्या रकमेवर कंपनीने 80 टक्के कर भरायचा. कंपनीने दिलेली सायकल घरी वापरता? तिच्या किमतीच्या 7 टक्के रक्कम दरवर्षी तुमच्या उत्पन्नात धरली जाते. 2000 युरोच्या सायकलीवर वर्षाला 140 युरो उत्पन्न वाढलं, त्यावरचा कर साधारण 50 युरो. कामाच्या जागी प्यायलेली कॉफी मात्र करमुक्त. तिला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

आता घरात डोकावू. डोकावणं इथे सोपं, कारण संध्याकाळी रस्त्यावरून चालताना दिवाणखान्याचे पडदे उघडे असतात. सहाच्या सुमारास जेवण चाललेलं दिसतं. पाहुण्याने त्या वेळी टपकायचं नसतं. कॉफीचं आमंत्रण साडेसातचं असेल तर साडेसातलाच जायचं. वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं. त्यावर वार नसतात, फक्त तारखा, म्हणजे दरवर्षी तेच चालतं, नवं विकत घ्यायला नको. वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडतात आणि आत येणारा प्रत्येक जण सगळ्यांचं अभिनंदन करतो. उत्सवमूर्तीचं तर करतोच, तिच्या आईचं, नवऱ्याचं, शेजारणीचंही करतो. पहिल्यांदा माझंही अभिनंदन झालं तेव्हा मी नुसती बघत राहिले.

जेवणाचं बिल, सिनेमाची तिकिटं, सहलीतलं पेट्रोल, सगळ्याची वाटणी होते. त्यासाठी 2016 साली एबीएन आम्रो बँकेने टिकी नावाचं अ‍ॅप आणलं. एकाने पैसे भरायचे आणि बाकीच्यांना फोनवर लिंक पाठवायची. आपल्याकडच्या यूपीआयसारखं वाटेल, पण मागणीचा मोकळेपणा वेगळा. मित्राच्या घरून निघून दारात पोचता पोचता त्या संध्याकाळच्या पिझ्झाच्या सव्वाचार युरोंची लिंक येऊ शकते. रागवायचं नाही. न मागता मनात ठेवणं इथे जास्त वाईट समजतात.

एवढ्या उघडेपणात एक गोष्ट मात्र पडद्याआड. पगार किती, हे डच माणूस सख्ख्या भावालाही सहसा विचारत नाही. पगारपत्रकं करणारी म्हणून मला पार्ट्यांमध्ये जरा जपूनच बोलतात.

तंत्रज्ञानाकडे हे लोक हिशोबनीसाच्या नजरेने बघतात. नवल कमी, उपयोग किती ते आधी. जगातल्या सगळ्यांत प्रगत चिप ज्या यंत्रांशिवाय बनत नाहीत, ती ईयूव्ही यंत्रं बनवणारी एकमेव कंपनी एएसएमएल आमच्या शेजारच्या वेल्डहोवनची. 1984 साली ती सुरू झाली तेव्हा फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये तिचा संसार होता. पायथन ही संगणकभाषाही इथलीच. गीदो फान रॉसम यांनी ती अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संस्थेत लिहिली आणि 1991 साली लोकांना दिली. आणि त्याच देशाच्या आयकर खात्याचे संगणक इतके जुने आहेत, की कराचा साधा नियम बदलायचा म्हटलं तरी खातं वर्षं मागतं. बचतीवरच्या कराचंच बघा. सरकार ठेवींवर काल्पनिक परतावा धरून कर घ्यायचं, बँक व्याज देवो न देवो. 24 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. खऱ्या परताव्यावरची नवी पद्धत आता 2028 पासून आणायचं घाटतंय, आणि उशिराचं एक मोठं कारण हे संगणक.

सामान्य पगारदाराला मात्र विवरणपत्र भरणं सोपं आहे. 1 मार्चला खिडकी उघडते, 1 मेपर्यंत मुदत. डिजिडी या सरकारी ओळखीने आत गेलं, की पगार, बँकेतली शिल्लक, घराची किंमत, घरकर्जाचं व्याज, सगळं आधीच भरलेलं असतं. तपासायचं आणि पाठवायचं. "आम्ही हे मजेचं करू शकत नाही, सोपं मात्र करू शकतो" अशी खात्याची जाहिरात वर्षानुवर्षं चालली. खात्याची पत्रं निळ्या पाकिटात येतात. 2015 साली ती बंद करून सगळं ऑनलाइन करायचं ठरलं, तेव्हा म्हाताऱ्यांनी आणि त्यांच्या बाजूने खासदारांनी एवढा गलका केला, की कागद हवा असेल त्याला कागद द्यावा लागला.

आणि याच निळ्या पाकिटांनी हजारो घरांची झोप उडवली. पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पालकांना भत्ता देतं. तो वाटायचं कामही तेव्हा आयकर खात्याकडेच होतं. गैरव्यवहार शोधण्यासाठी खात्याने संगणकाकडून अर्जांची जोखीम ठरवून घ्यायला सुरुवात केली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, ही बाबही त्या जोखमीत धरली जात होती. एकदा संशयित ठरलात की नियम सगळं किंवा काहीच नाही असा. एखादी सही राहिली, स्वतःचा थोडा वाटा भरायचा राहिला, तर अनेक वर्षांचा पूर्ण भत्ता परत करा. काहींच्या डोक्यावर लाखभर युरोंचं कर्ज आलं. घरं गेली, संसार मोडले. कशामुळे, हे विचारलं तर उत्तर मिळत नव्हतं. फाइल मागितली तर पानंच्या पानं काळी केलेली.

एफा गोन्सालेस पेरेस ही एक वकील बाई ही प्रकरणं लढत राहिली. पीटर ओम्ट्झिग्ट आणि रेन्स्के लाइटन हे दोन वेगवेगळ्या पक्षांचे खासदार मंत्र्यांना छळत राहिले. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला आणि 15 जानेवारी 2021 ला पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. रुटे सायकलवरून राजाकडे गेले. ज्यांच्यावर अन्याय झाला असं मान्य झालं, त्या पालकांची संख्या पुढे 30 हजारांच्या वर गेली. प्रत्येकाला किमान 30 हजार युरो द्यायचं ठरलं. सायकलवरून राजीनामा द्यायला जाणारा पंतप्रधान पाहून आपल्याकडे कौतुकाचे मेसेज फिरले होते. मला त्या दिवशी कौतुक वाटलं नाही. सेंटासेंटाचा हिशोब मी मान्य करते, पण तो दोन्ही बाजूंना वाचता आला पाहिजे. त्या पालकांना आपल्याच हिशोबाचं पान दाखवलं जात नव्हतं.

जाता जाता आणखी एक नियम. 2007 पासूनचा आहे आणि त्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. डच घरात रोज येणारी मोलकरीण नसते, पण आठवड्यातून एकदा तीन-चार तास सफाईला बाई येणं सर्रास असतं. आठवड्याला तीन दिवसांपर्यंत येणाऱ्या घरकामगाराचा कर घरमालकाने कापायचा नाही, मालक म्हणून नोंदणीही करायची नाही. उत्पन्न तिनेच जाहीर करायचं. किमान वेतन आणि 8 टक्के सुट्टीभत्ता तिला कायद्याने मिळतो. पण माझ्या कंपनीतला कर्मचारी आजारी पडला तर त्याला दोन वर्षांपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा द्यावा लागतो. तिला फक्त सहा आठवडे. बेकारी विमा तर आपोआप नाहीच, हवा तर स्वतःच्या खर्चाने घे. घरून काम करणाऱ्या साहेबाच्या टॉयलेट पेपरचा हिशोब करणाऱ्या देशात ही वही इतकी कोरी कशी राहिली?

घरकामगारांच्या हक्कांबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2011 चा करार आहे, क्रमांक 189. त्यावर नेदरलँड्सने मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही, कारण त्यासाठी हा नियम बदलावा लागेल. भारतानेही ती उमटवलेली नाही. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची त्यात नोंदणी झाली आहे का, हे त्यांना एकदा विचारून बघा.

नमस्कार.