पाट आणि धमनी

(दृश्य: गुहागर, पोफळीची वाडी, सकाळ)

पंप सुरू झाला की माझे काका अनवाणीच पाटावर येतात. आळ्याच्या तोंडची माती पायाने सारायची, आळं भरलं की तीच माती परत लावायची, पाणी पुढच्या पोफळीला. सगळी आळी एकदम उघडली तर शेवटच्या झाडाला काही पोचत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात अजून जड आहे.

मेंदूतही असंच शिंपणं चालतं. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. ज्या भागाला काम पडेल, तिथली बारीक धमनी लगेच सैल व्हायला हवी. तसा निरोप धमनीच्या आतल्या अस्तराकडून येतो. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर हे दाखवलं. अस्तर शाबूत असेल तर औषधाने धमनी सैल पडायची. ते खरवडलं गेलं असेल, तर नाही. निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड वायू. १९९८चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं.

हा वायू काही सेकंदच टिकतो. तेवढ्यातही सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचंच एक उतावळं रूप, त्याला गाठतं. ते पेशींत थोडंफार तयार होतच असतं. वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी फार वाढतं. मग निरोप वाटेतच संपतो, आणि मागे जहाल रसायन उरतं.

सुपरऑक्साइडला अडवतो एक विकर (एन्झाइम), सुपरऑक्साइड डिसम्युटेज. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये त्याचं काम ओळखलं. या विकराचं जनुक काढलेल्या उंदरांत मेंदूतल्या धमन्या नीट सैल होत नाहीत, त्यांची भिंत जाड होते.

या विकराच्या एका प्रकाराला तांबं आणि जस्त लागतं. आपल्या खाडीतल्या कालवांत दोन्ही भरपूर असतात. पण नुसती कालवं खाऊन भागेल, असं मी कुणाला सांगणार नाही. विकर म्हणजे प्रथिन. तो नुसता गिळला तर पोटात पचून जातो. आपल्या हातात आहे ते त्याच्यावरचा भार उतरवणं, म्हणजे आधी रक्तदाब सांभाळणं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्याकडे पेजेबरोबर खारा बांगडा, वर लोणचं.

(दृश्य: स्वयंपाकघर)

काकू हल्ली काकांच्या पेजेत मीठ घालत नाही. रक्तदाबाच्या गोळीची डबी चहाच्या कपाशेजारी ठेवलेली. काका गोळी घेतात, उजव्या हाताने फावडं उचलतात आणि वाडीत उतरतात.