उसण, पायाळू मावशी आणि मणक्याची ‘टक्’

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वाड्यात एक मावशी पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. कुणाच्या कंबरेत उसण भरली की बोलावणं त्यांनाच जायचं. दुखणेकरी सतरंजीवर पालथा पडायचा, मावशी भिंतीला धरून त्याच्या कंबरेला हलकेच पाय लावायच्या, आणि कळशी उचलताना वाकडा झालेला तो माणूस तीन-चार दिवसांत सरळ चालू लागायचा. पाय लावला नसता तरी बहुतेक तो तसाच चालू लागला असता, हे मला फार उशिरा कळलं.

आता मावशींच्या जागी मोबाईलवरचा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणारा, आला आहे. तुम्हीही पाहिलं असेल, पाठीजवळ माईक धरलेला असतो, टक् टक् आवाज येतो आणि पेशंट आनंदाने रडायला लागतो. तो आवाज म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसल्याची पावती, असं आपण धरून चालतो.

ही समजूत जुनी आहे. 1895 साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत असत. त्याच इमारतीतल्या हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराला कमी ऐकू यायचं. पामरनी त्याच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं ते स्वतः सांगत. गंमत बघा, पाठदुखीवरचा म्हणून आज गाजणारा हा उपचार सुरू झाला कानापासून! आणि कानाची नस तर कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या वाटेला ती फिरकतच नाही. पण पामरनी त्यावरून सिद्धांत मांडला की मणका जागचा हलला की नस दबते आणि त्यातून रोग होतात. या हललेल्या मणक्याला त्यांनी ‘सबलक्सेशन’ म्हटलं. पुढे ब्रिटनमध्ये या व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेनेच 2010 मध्ये सांगून टाकलं की ही कल्पना आता इतिहासजमा समजावी, तिला पुरावा नाही.

मग आजचा जाणता कायरोप्रॅक्टर करतो काय? तो आधी तुम्हाला उभं करून वाकायला सांगतो. कुठे अडतं ते बघतो. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलतो. कळ पोटरीपर्यंत गेली तर नसेचा संशय. मग अंगठ्याने एकेक मणका दाबत खाली येतो. ‘कुठलं हाड सरकलं’ यापेक्षा ‘कुठला सांधा हलत नाही’ हे तो शोधत असतो. नंतर तुम्हाला कुशीवर घेऊन, वरचा गुडघा वाकवून, खांदा मागे आणि कंबर पुढे अशी पिळतो आणि शेवटी छोटासा, पण वेगाचा झटका देतो. टक्!

आता हा आवाज कसला? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की त्यात वायूची पोकळी होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 2015 मध्ये बोट मोडताना एमआरआयने हे टिपलं. हाड कुठून कुठे गेलेलं नसतं. झटक्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही वेळ उतरतं, आणि त्या उताराचा फायदा घेऊन तुम्ही चालायला, व्यायामाला लागलात तर खरं काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी हा उपचार पर्याय म्हणून ठेवला आहे, व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या जोडीने. कंबरेचा पट्टा आणि वजनं लावून ताण देणं मात्र नेहमीसाठी नको म्हटलं आहे. आपल्याकडे घरोघरी खुंटीला टांगलेले ते पट्टे आठवले!

आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य! माझा त्याच्यावर राग आहे. ते ऐकल्यावर माणूस वाकायचं सोडतो, नातवाला उचलायचं सोडतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्या साधारण 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के. केस पिकतात तशा गाद्या झिजतात. बहुतेक कंबरदुखीत एका मणक्याकडे बोट दाखवून ‘कारण हे’ असं सांगताच येत नाही. कायरोप्रॅक्टर असो की आणखी कुणी, पहिल्याच भेटीत फोटोवर खूण करून तीस बैठकांचं पॅकेज पुढे सरकवू लागला, तर चप्पल घाला आणि निघा.

मानेचं जरा वेगळं आहे. मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका क्वचितच, पण असतो. सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मान मोडून देतात, त्याला मी हात जोडून नको म्हणतो.

आणि काही दुखण्यांना झटका देणाऱ्याच्या हाती द्यायचंच नसतं. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, म्हणजे आपल्या देशात मणक्याचा क्षयही मनात आणायला हवा. हाडं ठिसूळ झालेली आजी, पूर्वी कॅन्सर झालेला माणूस, यांनाही आधी डॉक्टरकडेच न्यावं. आणि हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कंबरदुखीबरोबर लघवी अडली असेल किंवा नकळत होत असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, पायातलं बळ जात असेल, तर त्यांनी उद्याची वाट पाहू नये. रेडिओ बंद करा, रिक्षा बोलवा आणि मोठ्या रुग्णालयात जा. आत्ता.